शब्दचर्चा : जर्सी बेटाच्या ‘मिलिशिया’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

इंग्लिश खाडीतील जर्सी बेटाच्या कायदेव्यवस्थेवरील एक दीर्घ लेख मी मराठीत आणत आहे. हे बेट नॉर्मंडीच्या किनाऱ्यालगत आहे. ते ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असले तरी युनायटेड किंग्डमचा भाग नाही आणि त्याचे ‘स्टेट्स’ नावाचे स्वतःचे विधिमंडळ आहे. लेखाचा बराचसा भाग बेटाच्या ‘मिलिशिया’ची शांततेत आणि युद्धात कायदेशीर स्थिती काय होती, या विषयाला वाहिलेला आहे. मी आतापर्यंत ‘शिबंदी’, ‘लोकसेना’, ‘नागरी सेना’ आणि ‘गृहरक्षक दल’ हे चार शब्द वापरून पाहिले, पण प्रत्येक शब्द कुठल्या ना कुठल्या वाक्यात अडतो. शिवाय ‘एम्बडी’ करणे, म्हणजे मिलिशियाला प्रत्यक्ष सेवेवर आणणे, या क्रियेसाठीही मराठी शब्द हवा आहे. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

‘शिबंदी’ हा शब्द सर्वांत आधी बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. किल्ल्यावरची किंवा वसुलीच्या कामावरची, मुख्य फौजेत न मोडणारी शिपाईमंडळी हा त्याचा अर्थ मिलिशियाच्या जवळ जातो, आणि जुन्या इंग्रज अधिकाऱ्यांनीही ‘सेबंदी’ हा शब्द याच अर्थाने उचलला होता. परंतु शिबंदी पगारी असते. दप्तरांत ‘शिबंदीखर्च’ हे स्वतंत्र कलम असे, यावरूनच ते कळते. जर्सीच्या मिलिशियाचे मर्म नेमके याच्या उलट आहे. ती बेटावरच्या सक्षम पुरुषांवर असलेली विनावेतन, सक्तीची जबाबदारी होती. 1337 मध्ये तिसऱ्या एडवर्डने बेटांवरील पुरुषांना शस्त्रसज्ज करून शिकवण्याचा हुकूम दिला, ही तिची परंपरागत सुरुवात मानतात. पुढे ही जबाबदारी बाराही पॅरिशांमध्ये, म्हणजे बेटाच्या ग्रामविभागांमध्ये, वाटली गेली आणि पॅरिशच्या तोफा चर्चमध्ये ठेवल्या जात. शिलेदार, बारगीर, हशम हे आपले शब्दही याच कारणाने उपयोगाचे नाहीत, कारण ते सगळे चाकरीचे शब्द आहेत.

‘गृहरक्षक दल’ तर नकोच. आपल्याकडे होमगार्ड ही संस्था 1947 च्या मुंबई कायद्याखाली उभी आहे, तिचे सदस्य स्वेच्छेने येतात आणि कामावर बोलावले असताना त्यांना पोलिसांचे अधिकार मिळतात. मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतला बंदोबस्त उभा राहील, फ्रेंच आरमाराची वाट पाहणारा शेतकरी नव्हे.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे, पण विनावेतन आणि सक्तीची सेवा म्हटल्यावर मराठीत जो शब्द आपोआप तोंडी येतो तो ‘वेठ’. तो वापरायला काय हरकत आहे?

प्रतिसाद ३

हरकत आहे, आणि ती कायद्याची आहे. वेठीला धरलेल्या माणसाला अटी घालता येत नाहीत. जर्सीच्या माणसाला येत असत. बेटाच्या जुन्या सनदांनी मान्य केलेला एक विशेषाधिकार असा होता की, मिलिशियाला बेटाबाहेर सेवेसाठी नेता येणार नाही. अपवाद फक्त एवढाच, की राजा स्वतः शत्रूच्या हाती पडला असेल आणि त्याची सुटका करायची असेल, किंवा खुद्द इंग्लंड परत जिंकून घ्यायचे असेल आणि राजा जातीने बरोबर असेल. आज वाचताना हे अद्भुत वाटते, पण बेटवासी ही अट अत्यंत गंभीरपणे घेत. 1916 मध्ये ब्रिटनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा झाला, तो जर्सीला आपोआप लागू झाला नाही. बेटाच्या स्टेट्सने 1917 मध्ये स्वतःचा वेगळा कायदा केला, तेव्हा तेथे सक्तीची भरती सुरू झाली. त्याआधी 1915 मध्ये जर्सीची जी तुकडी रॉयल आयरिश रायफल्समध्ये दाखल झाली, ती स्वयंसेवकांची होती.

कायदा करणारे आणि हुकूम देणारे वेगवेगळे होते, हेही लेखात स्पष्ट व्हावे. मिलिशियाचा सेनापती राजाने नेमलेला लेफ्टनंट गव्हर्नर असे. पण तिच्यात कोणी यावे, किती कवायत करावी आणि गैरहजेरीला काय शिक्षा, हे स्टेट्सच्या कायद्याने ठरे, आणि त्या कायद्याला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमार्फत, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळामार्फत, राजाची मंजुरी लागे. याचे सर्वांत बोलके उदाहरण 1798 चे आहे. मेथडिस्ट पंथाच्या काही जणांनी रविवारी कवायत करण्यास नकार दिला, कारण तो प्रार्थनेचा दिवस. ते इतर कोणत्याही दिवशी यायला तयार होते. स्टेट्सने अशा लोकांना बेटावरून हद्दपार करण्याचा कायदा केला, आणि राजाने त्याला मंजुरी नाकारली. फ्रान्सशी युद्ध चालू असताना हे घडले, म्हणजे शत्रू समोर उभा असतानाही ही सक्ती कायद्याच्या चौकटीतच राहिली. अशा व्यवस्थेला ‘वेठ’ म्हणणे अन्यायाचे होईल. अर्थात शेतकामाचे दिवस गमावणाऱ्या माणसाला ती वेठच वाटली असेल, ही गोष्ट निराळी.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. मग युद्धाच्या प्रसंगाचे काय? माझ्या लेखात 6 जानेवारी 1781 ची लढाई विस्ताराने येते आणि तेथे ‘लष्करी कायदा’ हा शब्द मला दोन वेगळ्या अर्थांनी वापरावा लागत आहे.

प्रतिसाद ३

तो गोंधळ आपल्या वृत्तपत्रांतही कायमचा आहे. सैनिकांना लागू होणारी शिस्तीची संहिता आणि मुलकी कारभार बाजूला सारून नागरिकांवर चालवलेला लष्कराचा अंमल, या दोन्हींना आपण ‘लष्करी कायदा’च म्हणतो. पहिल्यासाठी ‘सैनिकी कायदा’ आणि दुसऱ्यासाठी ‘लष्करी अंमल’ किंवा सरळ ‘मार्शल लॉ’ असे ठरवून घ्यावे आणि लेखभर तेच पाळावे. मिलिशियाच्या बाबतीत हा भेद कळीचा आहे, कारण तिच्यातला माणूस एकदा नागरिक असतो आणि एकदा सैनिक, आणि त्याच्यावर कोणता कायदा चालतो हे ती वेळ ठरवते. आपल्याकडे अगदी जवळचा नमुना आहे : 1948 च्या प्रादेशिक सेना कायद्याप्रमाणे या सेनेत नाव नोंदवलेली व्यक्ती बोलावली गेली, प्रत्यक्ष सेवेवर आणली गेली किंवा नियमित सेनेला जोडली गेली, तरच तिला सैन्य अधिनियम लागू होतो, एरवी ती दुकानात किंवा कचेरीत बसलेली साधी नागरिक असते. भारताच्या सीमेबाहेर तिला पाठवायचे तर केंद्र सरकारचा वेगळा आदेश लागतो, हे वाचून जर्सीची आठवण आल्यावाचून राहत नाही. तरीही ‘प्रादेशिक सेना’ हा शब्द मिलिशियासाठी वापरू नये, कारण ती स्वेच्छेची आहे आणि ते एका विशिष्ट दलाचे अधिकृत नाव आहे.

1781 च्या लढाईत तर हुकुमाच्या वैधतेचाच प्रश्न उभा राहिला होता. बॅरन द रुलकूरच्या फ्रेंच तुकड्या रात्री ला रोकला उतरल्या, पहाटे त्यांनी राजधानी सेंट हेलियर गाठली आणि लेफ्टनंट गव्हर्नर मोझेस कॉर्बेट याला झोपेतच पकडले. कॉर्बेटने शरणागतीच्या कागदावर सही केली आणि बेटावरच्या सैन्याला शस्त्रे ठेवण्याचा हुकूम पाठवला. आता मिलिशियाचा कायदेशीर सेनापती तोच. पण सेनापती शत्रूच्या कैदेत असताना त्याचा हुकूम हाताखालच्यांना बांधील असतो काय? एलिझाबेथ किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याने तो मानला नाही आणि अवघ्या 24 वर्षांच्या मेजर फ्रान्सिस पीअरसननेही मानला नाही. नियमित पलटणी आणि मिलिशिया बरोबर घेऊन त्याने बाजारचौकात हल्ला चढवला. त्यात तो मारला गेला, रुलकूरही जबर जखमी होऊन मेला आणि फ्रेंचांनी शस्त्रे खाली ठेवली. कॉर्बेटवर पुढे कोर्ट मार्शल होऊन त्याचे पद गेले. कैदेत पडलेल्या अधिकाऱ्याचा अधिकार तेथेच संपतो, हे तत्त्व पीअरसनने तलवारीने लिहिले आणि कोर्ट मार्शलने एका अर्थी त्यावर शिक्का मारला. 1831 मध्ये, या लढाईला 50 वर्षे झाली तेव्हा, मिलिशियाला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली.

प्रतिसाद ४

‘एम्बडी’ या क्रियेकडे कोणी वळले नाही म्हणून लिहितो. आपल्या भाषेत ‘खडी फौज’ हा उत्तम शब्दप्रयोग आहे : बारमाही पोसलेली, सदैव सज्ज असलेली फौज. मिलिशिया म्हणजे खडी नसलेली, प्रसंगी ‘उभी केली जाणारी’ फौज. तेव्हा ‘मिलिशिया उभी केली’ हे रूप सहज बसते आणि संकट टळल्यावर ‘मिलिशिया घरी सोडली’ असे लिहावे. ‘विसर्जित केली’ नको. विसर्जन म्हणजे दल कायमचे मोडणे, आणि ते जर्सीत 1946 मध्ये घडले, ही वेगळी घटना आहे.

वृत्तपत्रांच्या वापराबद्दलही सावध राहावे लागेल. लेबनॉन किंवा लिबियाच्या बातम्यांतून ‘मिलिशिया’ हा शब्द मराठी वाचकाला भेटतो तो खासगी सशस्त्र टोळीच्या अर्थाने, म्हणजे ज्या शक्तीवर कायद्याचा अंकुश नाही अशी. जर्सीची मिलिशिया ही कायद्यानेच जन्मलेली. युद्धाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यातही मिलिशियाला लढवय्याचा दर्जा आहे, पण सशर्त : 1899 आणि 1907 च्या हेग नियमांप्रमाणे तिचा कोणी जबाबदार प्रमुख हवा, दुरून ओळखू येईल असे निश्चित चिन्ह हवे, शस्त्रे उघडपणे बाळगलेली हवीत आणि युद्धाचे नियम पाळलेले हवेत. टोळीला हे सगळे जमत नाही. म्हणून बातमीतल्या अर्थासाठी ‘सशस्त्र टोळी’ किंवा ‘सशस्त्र गट’ लिहिण्याचा आग्रह आपण धरावा, म्हणजे ‘मिलिशिया’ हा शब्द कायद्याच्या अर्थासाठी मोकळा राहील.

प्रतिसाद १

एक भर घालतो, कारण बेटावरची मिलिशिया मराठी मुलखाला परकी नाही. 1668 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने मुंबई बेट वर्षाला 10 पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिले आणि पुढे गव्हर्नर जेराल्ड ऑंजिअरने तेथे जमीनदारांकडून माणसे घेऊन मिलिशिया उभी केली. तिच्यात भंडारी समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. ‘भंडारी मिलिशिया’ हे नाव मुंबई पोलिसांच्या इतिहासात आजही मराठीत असेच लिहिले जाते. ‘भंडारी लोकसेना’ असे कोणी म्हणत नाही. तेथे बंधन जमिनीला चिकटलेले होते, जर्सीत ते माणसाला आणि त्याच्या पॅरिशला चिकटलेले होते, एवढा फरक आहे.

प्रश्नकर्ता

मग मी असे करतो : शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात ‘मिलिशिया, म्हणजे बेटवासीयांची सक्तीची, विनावेतन संरक्षक सेना’ असे लिहून पुढे सर्वत्र ‘मिलिशिया’ ठेवतो. ‘उभी करणे’ आणि ‘घरी सोडणे’ ही दोन्ही रूपे घेतो. एकच शंका उरते. जून 1940 मध्ये ब्रिटिश सरकारने बेटांतून सैन्य काढून घेण्याचे ठरवले, तेव्हा मिलिशियातले सुमारे 200 जण जहाजाने इंग्लंडला गेले आणि तेथे हॅम्पशायर रेजिमेंटची 11 वी बटालियन त्यांच्यातून उभी राहिली. येथे ‘मिलिशिया बेटाबाहेर नेली’ असे लिहिले तर वर सांगितलेल्या विशेषाधिकाराचा भंग झाल्यासारखे वाटते.

प्रतिसाद ३

‘नेली’ लिहू नका, ‘गेली’ लिहा. ते स्वेच्छेने गेले, म्हणून विशेषाधिकाराला धक्का लागला नाही. आणि लष्करी दृष्टीने मोकळ्या झालेल्या बेटावर 1 जुलै 1940 रोजी जर्मन उतरले, तेव्हा शरण जाण्यासाठी तेथे मिलिशिया उरलेलीच नव्हती. शरणागतीचा कागद त्या वेळी मुलकी अधिकाऱ्यांच्या हाती होता.