पार्किन्सन्स, उलटीची गोळी आणि डोपामाईनचे रिसेप्टर, कोणी समजावून सांगेल का?

मंडळी, मदत हवी आहे. माझ्या सासऱ्यांना (आम्ही अण्णा म्हणतो) पार्किन्सन्स आहे, लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या गोळ्या चालू आहेत आणि चांगलं चाललं होतं, शर्टाची बटणं स्वतः लावायचे. गावी गेले तेव्हा मळमळायला लागलं म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मेटोक्लोप्रामाईड दिलं आणि काही दिवसांतच अंग आखडलं, पाऊल उचलेना, आम्ही सगळे घाबरलो. न्यूरोवाल्या डॉक्टरांनी फोनवर ती लगेच बंद करून डोम्पेरिडोन दिली, म्हणाले ही मेंदूत फारशी जात नाही. आता बरे आहेत.

पण मला हे नीट समजून घ्यायचंय कारण औषधं मीच देते. उलटीच्या या दोन्ही गोळ्या डोपामाईनचा (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) डी२ रिसेप्टर (पेशीवरची तो निरोप घेणारी जागा) अडवतात म्हणे. पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या डोपामाईन बनवणाऱ्या पेशी मरतात, डोपामाईन रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही म्हणून आत जाऊन डोपामाईन बनणारं लेव्होडोपा द्यायचं, आणि कार्बिडोपा त्याचं बाहेरच डोपामाईन होऊ देत नाही, इथवर कळलं. मग डोम्पेरिडोन मेंदूत जात नसेल तर उलटी कशी थांबते, उलटीचं केंद्र मेंदूतच ना? आणि डी१ हा दुसरा रिसेप्टर पेशीला चेतवतो, डी२ शांत करतो, तर एकच डोपामाईन उलटसुलट काम करून हालचाल सुधारते कशी?

प्रतिसाद: ताई, मेंदूच्या देठात एरिया पोस्ट्रेमा म्हणून छोटा भाग आहे, तिथे रक्त आणि मेंदूमधला अडसर पातळ असतो कारण रक्तात विष आलंय का हे तपासायचं कामच त्याचं, त्यामुळे डोम्पेरिडोन तिथवर पोचतं पण आतल्या स्ट्रायटमपर्यंत (हालचाल सांभाळणारा मेंदूचा भाग) फारसं जात नाही, मेटोक्लोप्रामाईड मात्र जातं. दुसरं म्हणजे स्ट्रायटममध्ये डी१वाल्या पेशी हालचाल सुरू करायला मदत करतात आणि डी२वाल्या ती रोखतात, डोपामाईन पहिल्यांना जोर देतं आणि दुसऱ्यांना गप्प करतं, म्हणजे दोन्हीकडून हालचाल मोकळीच होते. डोम्पेरिडोनने हृदयाचा ठोका बिघडू शकतो, हार्टचा त्रास असेल तर ईसीजीबद्दल विचारा. आणि फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा की मेटोक्लोप्रामाईड, तसंच डोपामाईन अडवणारी प्रोक्लोरपेराझिन, हॅलोपेरिडॉल ही औषधं देऊ नयेत, रात्री-अपरात्री दुसऱ्या दवाखान्यात न्यावं लागलं तर हेच आधी दाखवायचं.