सीईए चढतोय, सीटीत काही दिसत नाही: अँटिबॉडी स्कॅन मागावा का?

एमओ_पांढरकवडा
रुग्ण 58 वर्षांचा शेतकरी, सिग्मॉइड कोलनच्या (मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा भाग) कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं. सीईए (आतड्याच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं प्रथिन) आधी 3.8, मग 7.1, आता 14.6. छाती-पोटाचा कॉन्ट्रास्ट सीटी आणि कोलोनोस्कोपी दोन्ही स्वच्छ. जुन्या पाठ्यपुस्तकात किरणोत्सारी अँटिबॉडी टोचून लपलेली गाठ शोधल्याचं वाचलं. पेट-सीटीऐवजी (किरणोत्सारी साखर टोचून काढायचा स्कॅन) तोच मागावा का? नागपूरला एकच खेप जमेल. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन सुरू आहे.

न्यूक्लिअर_मेड
सर, तो स्कॅन म्हणजे आर्सिटुमोमॅब. सीईएला चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा फॅब तुकडा (चिकटणारं टोक), 1 मिलिग्रॅम, आणि त्यावर 20 ते 30 मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी द्रव्य. अमेरिकेत 1996 मध्ये मान्यता मिळाली होती, आता बाजारात नाही.

तुकडाच का, तर अख्खी अँटिबॉडी दिवसेंदिवस रक्तात फिरते आणि गाठीआधी रक्तच चमकतं. तुकडा मूत्रपिंडावाटे लवकर निघून जातो, म्हणून 2 ते 5 तासांत चित्र घेता यायचं. अख्ख्या अँटिबॉडीला इंडियम-111 हे दुसरं किरणोत्सारी द्रव्य लावत. त्याचं अर्धायुष्य 67 तास, त्यामुळे रुग्णाला दोन-तीन दिवसांनी पुन्हा बोलवावं लागे. शिवाय यकृत इंडियम आपणहून ओढून घेतं. आतड्याचा कॅन्सर बहुतेकदा पहिल्यांदा यकृतातच पसरतो आणि नेमकं तिथलंच दिसेनासं व्हायचं.

प्रोस्टेट कॅन्सर शोधणाऱ्या कॅप्रोमॅब या अँटिबॉडीची अडचण वेगळी. ती पीएसएमए या प्रोस्टेट पेशींवरच्या प्रथिनाचा पेशीच्या आतला भाग धरायची, त्यामुळे जिवंत पेशींपर्यंत नीट पोचतच नसे. आजचा गॅलियम-68 पीएसएमए बाहेरचा भाग धरतो, पण तो लहान रेणू आहे, अँटिबॉडी नव्हे.

तुमच्या रुग्णाला एफडीजी (ती किरणोत्सारी साखर) पेट-सीटीच करा. त्याआधी ऑपरेशनचा हिस्टोपॅथॉलॉजी (गाठीच्या तुकड्याची तपासणी) रिपोर्ट काढून ‘म्युसिनस’ (चिकट श्लेष्मा भरलेली गाठ) लिहिलंय का बघा. तशी गाठ एफडीजी फार कमी घेते, आणि मग निगेटिव्ह स्कॅनवर विसंबता येत नाही. 8 मिलिमीटरच्या आतली पोटाच्या पडद्यावरची गाठही सहज निसटते.

लॅब_वर्धा
तिन्ही आकडे एकाच लॅबचे, एकाच किटवरचे आहेत का? नसतील तर त्यांना जोडून चढ काढू नका. पेटआधी त्याच लॅबमध्ये एकदा पुन्हा करा. बिडी, कावीळ, सिरोसिस यांनीही सीईए थोडा वाढतो, पण बहुधा 10 च्या आतच राहतो. ओळीने दोनदा चढून 14 च्या वर गेला असेल, तर मला तो खराच वाटतो. आणखी एक: पूर्वी उंदराची अँटिबॉडी टोचलेल्या रुग्णांत तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होत आणि पुढे सीईएची तपासणीच खोटी वाढलेली येई.

पेट_टेक्निशियन
एकाच खेपेत काम व्हायचं असेल तर हे पाळा. मेटफॉर्मिनने आतडं पूर्ण उजळतं आणि कोलनचं काही वाचता येत नाही. फिजिशियनला विचारून 48 तास आधी थांबवा, मधल्या काळात साखर सांभाळा. साखर 200 च्या वर असेल तर बहुतेक ठिकाणी परत पाठवतात. साखर उतरवायला ऐनवेळी इन्सुलिन टोचू नका, एफडीजी सगळं स्नायूंत जातं.

आदल्या दिवशी वावरातलं काम बंद, कापूस वेचणीही नाही. रात्री भात-भाकरी कमी, वरण-अंडी चालतील. सकाळी 6 तास उपाशी, फक्त साधं पाणी. खर्रा (सुपारी-तंबाखू) अजिबात नको, हे नातेवाइकांनाही बजावा. इंजेक्शननंतरच्या तासाभरात चघळलं की जबड्याचे स्नायू चमकतात. थंडीत पहाटेच्या एसटीने येणार असाल तर घोंगडी द्या, नाहीतर मानेची तपकिरी चरबी उजळून लिम्फ नोडचा भास होतो.

वेळ चुकवू नका. एफडीजीतलं किरणोत्सारी एफ-18 दर 110 मिनिटांनी अर्धं होतं, दोन तास उशीर झाला तर त्याच्या नावाचा डोस अर्ध्याहून कमी उरतो. स्कॅननंतर भरपूर पाणी पाजा. त्या रात्रीपर्यंत घरातली गरोदर सून आणि तान्हं बाळ थोडं लांबच असू द्या.

एमओ_पांढरकवडा
रिपोर्ट काढला. मॉडरेटली डिफरन्शिएटेड (गाठीच्या पेशी मूळ पेशींशी मध्यम मिळत्याजुळत्या), म्युसिनस नाही. सीईए उद्या त्याच लॅबमध्ये पाठवतोय. पेट निगेटिव्ह आला तर?

न्यूक्लिअर_मेड
मग यकृताचा एमआरआय. सीईए महिन्याने पुन्हा करा आणि चढतच राहिला तर तीन महिन्यांनी पेट परत करा. पहिल्या पेटची सीडी रुग्णाच्याच फाइलमध्ये ठेवा, तुलनेला ती लागते.