बी विंग ग्रुप, रात्री ११: ‘कोणाकडे ॲमॉक्सिसिलिन आहे का?’

सुजाता बी-३०४: कोणी जागं आहे का? ह्यांची दाढ संध्याकाळपासून ठणकतेय. आडवं झालं की जास्तच. ॲमॉक्सिसिलिन पडलंय का कोणाच्या घरात? मेडिकल बंद झालंय.

काका बी-१०१: माझ्याकडे ४ गोळ्या आहेत, मागच्या खोकल्यातल्या. वॉचमनकडे देतो.

नीता बी-२०२: ॲस्पिरिन दाढेपाशी दाबून धरायला सांग गं. आमच्या सासूबाई तेच करायच्या.

डॉ. मृणाल बी-५०१: काका, थांबा 🙏 नीताताई, ॲस्पिरिन हिरडीवर ठेवली की हिरडी भाजते. सुजाताताई, सूज, ताप?

सुजाता बी-३०४: नाही. गार पाणी लागलं की जीव जातो.

डॉ. मृणाल बी-५०१: म्हणजे आतली नस सुजलीय. चहूबाजूंनी कडक दात, सुजेला जागाच नाही, म्हणून ठणका. त्यावर ॲमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक चालत नाही. ४० जणांवर प्रयोग झालाय, काहींना पेनिसिलिन, काहींना तशीच दिसणारी खोटी गोळी. दुखण्यात फरक शून्य. प्रयोग छोटा, पण अमेरिकन डेंटल असोसिएशननेही २०१९ मध्ये हेच सांगितलं: दातावर उपचार होणार असतील तर धडधाकट माणसाला अशा दुखण्यात अँटिबायोटिक नको. अल्सर, किडनी, रक्त पातळ करायची गोळी, असलं काही आहे का त्यांना?

सुजाता बी-३०४: काहीच नाही.

डॉ. मृणाल बी-५०१: मग काहीतरी खायला घालून आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ५०० द्या. माझ्याकडे आहेत, वर या. उशाला दोन उशा. सकाळी दाढ उघडू.

काका बी-१०१: पण माझा गाल फुगला होता तेव्हा गोळ्यांनीच उतरला की!

डॉ. मृणाल बी-५०१: सूज पसरत असेल, ताप असेल तर गोळ्या लागतातच. पण मेलेल्या दातात रक्त पोचत नाही, मग औषध कुठून पोचणार? तो दात काढला का?

काका बी-१०१: कशाला? दुखत नाही. अधूनमधून हिरडीवर पुटकुळी येते, आपली आपण फुटते.

डॉ. मृणाल बी-५०१: पू वाहून जातोय म्हणून दुखत नाही. ती वाट बुजली आणि जबड्याखाली सूज आली, गिळायला किंवा श्वासाला जड झालं, तर रात्री २ वाजतासुद्धा थेट हॉस्पिटल. शुगर किती आहे?

काका बी-१०१: हे ग्रुपवर सांगायचं? 😅

सेक्रेटरी: ग्रुप फक्त पाणी आणि पार्किंगसाठी आहे.

सुजाता बी-३०४: दिल्या गोळ्या. डोळा लागलाय आत्ता. सकाळी १० ला येतो.

डॉ. मृणाल बी-५०१: या. काकांनाही घेऊन या.

काका बी-१०१: १० ला मी फिरायला गेलेला असतो.

नीता बी-२०२: ८ ला परत येता. रोज बघते मी.