इंदुरात अटॅक जास्त, की इंदुरात हॉस्पिटलं जास्त?

रामबागी
परवा मंडळाच्या मीटिंगमध्ये एक काका ठासून म्हणाले, "झाबुआत कुणाला हार्ट अटॅक येतो का? सगळे आपल्याच इंदूरचे. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेला गराडू कंद, सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, मग होणार काय!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला नाही पटलं.

मागच्या हिवाळ्यात झाबुआहून मामांना आणलं. रात्रभर गॅस समजून सोडा पीत बसले होते. पहाटे घाम फुटला तेव्हा गाडीत घातलं, दीडशे किलोमीटर. इथे कॅज्युअल्टीत फॉर्म मी भरला आणि घाईत पत्ता आमच्या रामबागचाच लिहिला. झालं, कागदोपत्री अटॅक इंदूरच्या माणसाला आला! आणि जो वाटेत धारच्या अलीकडेच दगावला, तो कुठल्याच वॉर्डच्या रजिस्टरात नाही. मग हॉस्पिटलातल्या भरतीच्या आकड्यांवरून कुठे धोका जास्त ते कसं ठरवायचं?

सुदामानगरचे नाना
एका फॉर्मवरून एवढी मजल? 2018 साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये राज्यवार अभ्यास आलाय. देशातल्या एकूण मृत्यूंत हृदय-रक्तवाहिन्यांच्या रोगांचा वाटा 1990 मध्ये 15.2 टक्के होता, 2016 मध्ये 28.1. आणि रुग्णांचं प्रमाण जास्त कुठे? केरळ, पंजाब, तमिळनाडू. खाऊनपिऊन सुखी राज्यं. काका चूक नाहीत.

रामबागी
नाना, जुलाब-टीबीने मरणारे घटले, माणसं म्हातारी होईपर्यंत जगू लागली, तर हृदयरोगाचा वाटा वाढणारच की. आणि 17 देशांचा 'प्युअर' अभ्यास (2014) काढून बघा. गरीब देशांत धोक्याचे घटक कमी, तरी मरणारे जास्त.

लॅबवाली ताई
मध्येच बोलते. पूर्वी ईसीजीत ठळक काही दिसलं नाही, तर "अंजायना" (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणं) लिहून सोडून द्यायचे. 2000 साली व्याख्या बदलली, ट्रोपोनिनला (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) महत्त्व आलं, आणि त्यातलेच कितीतरी आता "अटॅक" म्हणून भरती होतात. ट्रोपोनिन जिथे आधी पोचलं, तिथे अटॅक आधी "वाढले". तेव्हा जुने-नवे आकडे एका ओळीत मांडताना जरा जपून.

सुदामानगरचे नाना
मग मोजूच नका! फिनलंडच्या उत्तर कारेलियात पुरुष जास्त मरतात हे आकड्यांनीच दाखवलं, म्हणून 1972 मध्ये तिथे काम सुरू झालं. लोणी, मीठ, सिगारेट यांच्या मागे लागले. पुढच्या काही दशकांत कमावत्या वयाच्या पुरुषांचे हृदयरोगाने होणारे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. तुमच्यासारखे पत्त्याच्या रकान्यावर वाद घालत बसले असते तर?

रामबागी
ते मृत्यूंचे आकडे होते नाना, भरतीचे नव्हेत. माझं भांडण तेवढ्यावरच आहे. आपल्याकडच्या हृदयविकाराच्या रुग्णांच्या 'क्रिएट' नोंदणीत (2008) दुखायला लागल्यापासून हॉस्पिटल गाठेपर्यंतचा मध्यक वेळ 360 मिनिटं निघाला, म्हणजे निम्मे लोक सहा तासांनंतर पोचले. तेही जे पोचले त्यांचं.

सुदामानगरचे नाना
बरं, भरतीपुरतं मानतो. शेव निर्दोष आहे हे मानत नाही. आणि मामांना रात्री साधा ईसीजी काढून मिळाला असता का झाबुआत? ते विचारून सांग.

रामबागी
विचारलं. म्हणाले, "मिळाला असता रे, पण सोड्याने बरं वाटत होतं."