लोकरीचे तुकडे झाडाला नको, ताई

ताई, पडवीत विणत बसून पक्षी बघायची तुमची सवय वाचून एकदम घरचं वाटलं, आमच्याकडे गुहागरलाही मागीलदारी तेच चालतं. फक्त ते उरलेले लोकरीचे तुकडे घरट्यांसाठी जास्वंदीवर अडकवून ठेवता म्हणालात ना, ते प्लीज नका करू. लांब धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळतो आणि अ‍ॅक्रेलिक तर तुटतही नाही कुजतही नाही, पाय आवळला की संपलंच. त्यापेक्षा नारळाच्या सोडणाचा काथ्या नाहीतर शेवरीचा कापूस ठेवा. शिंपी पक्षी तर कोळ्याचं जाळं नि कापसाचे तंतू घेऊन पानच शिवतो, कडेला चोचीने भोकं पाडून! गेल्या पावसात आमच्या लिंबावर होतं घरटं, पिल्लं उडेपर्यंत त्या कोपऱ्यातलं गवत मी कोणाला काढू दिलं नाही.

आणि कोकणात स्वेटर कशाला असं मलाही सगळे विचारतात, पण ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना आपल्या उकाड्यातही अंगात ऊब धरता येत नाही, त्यांना टोपडी लागतात. मी मऊ सुती धाग्याची विणते, मणी बटणं रिबिनी काही नाही, धुवून कडक उन्हात वाळवून मगच दवाखान्यात देते. माप मात्र आधी तिथल्या नर्सबाईंना विचारा, एवढुसं डोकं असतं हो, माझी पहिली चार मोठीच झाली होती.

उंबर पिकला की तुमच्याकडे धनेश पक्षी येतात का?