मदत हवी आहे: दुधाच्या मराठी नोंदी वाचताना पायथन ठरावीक गावांवरच अडखळतो

नमस्कार.

बेळगाव तालुक्यात माझ्या काकांचे दूध संकलन केंद्र असून उचगाव, कडोली, हिंडलगा, तुरमुरी, बेळगुंदी आणि कुद्रेमनी या सहा गावांतून त्यांच्याकडे दोन्ही वेळचे दूध येते. पंधरवड्याचे बिल काढण्याचे काम आजवर वहीवर होत असे आणि त्यासाठी काका व काकू दोन रात्री जागत असत. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून गेल्या वर्षापासून पायथन ही संगणकभाषा स्वतःच शिकत आहे, त्यामुळे हे काम माझ्याकडे आले. गावातला मदतनीस आपल्या फोनवरच्या गूगल शीट्समध्ये नोंद करतो, मी प्रत्येक गावाची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर) उतरवून घेतो आणि माझ्या प्रोग्रॅमने प्रत्येक खात्याची बेरीज करतो, अशी योजना होती. रकाने पाचच आहेत: तारीख, गाव, खाते, लिटर आणि फॅट. शेतकऱ्यांची नावे मुद्दाम ठेवलेली नाहीत.

अडचण अशी आहे की सहाही फाइली एकाच पद्धतीने तयार झालेल्या असूनही त्या एकसारख्या वागत नाहीत. कुद्रेमनी, तुरमुरी आणि बेळगुंदी यांच्या फाइली उघडताच 'युनिकोड डीकोड एरर' येते आणि 'चारमॅप कोडेकला ०एक्स८१ हा बाइट वाचता येत नाही' अशा अर्थाचा संदेश मिळतो. उचगाव, कडोली आणि हिंडलगा यांच्या फाइली कोणतीही तक्रार न करता उघडतात, पण पडद्यावर मराठीऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी 'ए' आणि त्यामागे येनसारखी चिन्हे यांची माळ उमटते, आणि पुढे लिटरच्या आकड्यावर 'फ्लोट' चालवले की 'व्हॅल्यू एरर' येते. नोटपॅडमध्ये मात्र सहाही फाइली स्वच्छ मराठीत दिसतात.

मी विंडोज १० आणि पायथन ३.१२ वापरतो. फाइल 'ओपन' या फंक्शनला केवळ नाव देऊन उघडतो आणि 'सीएसव्ही' मॉड्यूलच्या 'डिक्टरीडर'ने वाचतो. (कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीतच लिहीत आहे, कृपया समजून घ्यावे.) तीन गावे बिघडलेली आणि तीन चांगली असे समजून मी त्या तीन गावांच्या मदतनिसांना पुन्हा नोंदी करायला लावल्या. त्यांनी त्या केल्या, पण चूक होती तिथेच राहिली आणि त्यांची बोलणी मात्र मला खावी लागली. नेमके काय चुकते आहे?

प्रतिसाद १

'ओपन'मध्ये 'एरर्स' या मापदंडाला 'इग्नोर' अशी किंमत द्यावी. जे बाइट वाचता येत नाहीत ते वगळून फाइल उघडते. माझे काम तरी असेच चालले आहे.

प्रतिसाद २

वरचा सल्ला कृपया अमलात आणू नये. त्याने चूक दिसेनाशी होते, पण मजकूर वाचला जात नाही. उचगावच्या फाइलीत आज जो कचरा दिसतो तोच कुद्रेमनीच्या फाइलीत दिसू लागेल आणि त्यातलेही काही तुकडे गळालेले असतील.

तुमच्या सहाही फाइली चांगल्या आहेत, किंवा तुमच्या संगणकाच्या नजरेने पाहिले तर सहाही सारख्याच वाईट आहेत. गूगल शीट्स आपली सीएसव्ही यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत, लिहिते, आणि त्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. तुम्ही 'ओपन'ला एन्कोडिंग सांगितले नाही, म्हणून पायथन ३.१२ विंडोजची जुनी ठरलेली सांकेतिक पद्धत घेतो. आपल्याकडच्या बहुतेक इंग्रजी विंडोजवर ती सीपी १२५२ ही असते. तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर, म्हणून आपल्या एका अक्षराची तीन परकी चिन्हे होतात. तुम्हाला दिसणारा तो 'ए' म्हणजे पहिला बाइट, कारण देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ई० याच बाइटने सुरू होते. (बाइटांचे हे क्रमांक षोडशमान पद्धतीतले आहेत, म्हणून त्यांत अक्षरेही येतात.)

आता गावांचे कोडे. सीपी १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. यांपैकी एखादा बाइट आला की पायथन थांबतो, नाहीतर कचरा का होईना पण वाचत पुढे जातो. ऱ्हस्व उकाराचे तीन बाइट ई०, ए५, ८१ असे आहेत. कुद्रेमनी, तुरमुरी, बेळगुंदी या तिन्ही नावांत ऱ्हस्व उकार आहे. उचगावात 'उ' हा स्वतंत्र स्वर आहे, उकार नव्हे, आणि त्याचा शेवटचा बाइट ८९ असल्यामुळे तो निभावून जातो. कडोली आणि हिंडलगा यांत रिकाम्या जागेवर पडणारे काहीच नाही. पाय मोडण्याच्या चिन्हाचा शेवटचा बाइट ८डी आहे, म्हणून उद्या येळ्ळूरचे दूध सुरू केलेत तर ती फाइल जोडाक्षरावर थांबेल. 'झ' आणि 'ए' या मराठी अक्षरांचीही तीच गत आहे. फाइलीत 'म्हैस' हा शब्द एकदाही आला असता तर सहाही गावे पहिल्याच दिवशी बंद पडली असती आणि हे कोडे तुम्हाला पडलेच नसते. जनावराचा रकाना नाही, यामुळे तुमचा घोटाळा अधिक गूढ झाला.

उपाय एका शब्दाचा आहे. 'ओपन'मध्ये 'एन्कोडिंग' या मापदंडाला 'यूटीएफ-८-सिग' ही किंमत द्यावी. नुसते 'यूटीएफ-८' दिले तरी या फाइली वाचल्या जातील, पण एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून जतन केलेल्या फाइलीच्या आरंभी एक अदृश्य खूण असते. ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि मग 'तारीख' समोर दिसत असूनही 'की एरर' (या नावाचे काही सापडत नाही अशी चूक) येते. 'सिग' लावल्यास खूण असली तरी चालते, नसली तरी चालते. बिलाची फाइल लिहितानाही हेच एन्कोडिंग द्यावे, नाहीतर एक्सेलमध्ये काकांना पुन्हा तोच कचरा दिसेल. त्याच वेळी 'न्यूलाइन' या मापदंडाला रिकामी अक्षरमाला (स्ट्रिंग) द्यावी, म्हणजे विंडोजवर दर दोन ओळींमध्ये एक कोरी ओळ येणार नाही.

पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच मूळ एन्कोडिंग असेल असे ठरलेले आहे. तरीही ते स्पष्ट लिहिण्याची सवय ठेवावी, कारण तुमचा प्रोग्रॅम कोणत्या संगणकावर चालेल हे तुमच्या हाती नसते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. सहाही फाइली उघडल्या आणि मराठी मराठीतच दिसू लागली. त्या तीन मदतनिसांची मी क्षमा मागितली आहे.

आता पुढची पायरी अडली आहे. बिलात खाते क्रमांक १२ तीन वेळा येते, आणि तिन्ही बेरजा एकत्र केल्या तरच वहीशी जुळते. कारण मला दिसते आहे, पण उपाय सुचत नाही: एक मदतनीस आकडे देवनागरीत लिहितो, दुसरा इंग्रजीत आणि तिसरा, ज्याचे शिक्षण कन्नड शाळेत झाले आहे, तो कन्नड आकड्यांत. तिघांनाही एकच लिपी वापरायला सांगता येईल, पण पहाटे ५ वाजता रांगेत घागरी लागलेल्या असताना कळफलक बदलत बसणे त्यांना जमणार नाही आणि मलाही तसे सांगण्याचे धैर्य नाही. तिन्ही आकड्यांचा तक्ता करून एकेक अक्षर बदलावे काय?

प्रतिसाद २

तक्त्याची गरज नाही. बेरजा ठेवण्यासाठी तुम्ही पायथनची डिक्शनरी वापरून खाते क्रमांक अक्षरमाला म्हणून तिची किल्ली, म्हणजे नोंद शोधण्याचे नाव, केलेला दिसतो. अक्षरमाला म्हणून पाहिल्यास देवनागरीतले १२ आणि इंग्रजीतले बारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यामुळे पायथनने तीन खाती उघडली. किल्ली करण्यापूर्वी तिच्यावर 'इंट' चालवावे. पायथन ३ मधले 'इंट' आणि 'फ्लोट' युनिकोडमधल्या (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीतल्या) सर्व दशमान अंकांना ओळखतात, त्यामुळे देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही लिप्यांतून आलेला बारा हा एकच पूर्णांक बनतो. लिटरसाठी 'फ्लोट'ही '४.५' तसेच्या तसे स्वीकारते. आपल्या भागात ही सोय किती मोलाची आहे हे पायथनच्या पुस्तकांतून सहसा कळत नाही. फक्त '१,२५०' असा स्वल्पविराम असलेला आकडा दोघांनाही चालत नाही, तो आधी काढून टाकावा.

धागाकर्ता

खाती एक झाली, परंतु एकाच गावाच्या फाइलीत खाते १०, २० आणि ३० यांवर 'व्हॅल्यू एरर' येते. ११, १२, १९ अशी बाकीची खाती बिनबोभाट चालतात. हे गाव कन्नड आकडे लिहिणाऱ्या मदतनिसाचे आहे. अंक मी दोनदा डोळ्यांनी तपासले, त्यांत मला काहीही वावगे दिसले नाही.

प्रतिसाद ३

डोळ्यांनी तपासून हे सापडणार नाही. मी हुक्केरी भागातला असून माझे शालेय शिक्षण कन्नड माध्यमात झाले, म्हणून सांगतो. कन्नडमधला शून्य आणि कन्नडमधला अनुस्वार ही दोन्ही चिन्हे दिसायला एकसारखीच गोल असतात. मराठीत अनुस्वार डोक्यावर ठिपका म्हणून बसतो, कन्नडमध्ये तो अक्षरानंतर पूर्ण वर्तुळ होऊन ओळीतच येतो. फोनच्या अक्षरफलकावर अनुस्वार चटकन हाताला लागतो, पण आकड्यांसाठी दुसरे पान उघडावे लागते, म्हणून १ लिहून पुढे अनुस्वार ठेवला की माणसाच्या लेखी दहा होतो. पायथनच्या लेखी मात्र तो 'एक' आणि त्यामागे अनुस्वाराचे चिन्ह. शून्य असलेलीच खाती अडतात ती यामुळे.

खात्री करून घ्यायची असल्यास त्या अक्षरमालेतल्या प्रत्येक अक्षरावर 'युनिकोडडेटा' मॉड्यूलचे 'नेम' फंक्शन चालवून पाहावे. एका ठिकाणी 'कन्नड डिजिट झिरो' आणि दुसऱ्या ठिकाणी 'कन्नड साइन अनुस्वार' असे उत्तर मिळेल. मग खाते, लिटर आणि फॅट या तीन रकान्यांपुरताच ०सी८२ या क्रमांकाच्या चिन्हाच्या (अनुस्वाराच्या) जागी ०सीई६ हे चिन्ह (शून्य) ठेवावे. गावाच्या रकान्याला हा बदल लावू नये, नाहीतर कन्नडमध्ये लिहिलेल्या गावांच्या नावांत शून्ये शिरतील.

धागाकर्ता

अगदी तसेच निघाले. त्या मदतनिसाला मी हे दाखवले तेव्हा तो म्हणाला की शाळेपासून तो फोनवर शून्य असाच लिहीत आला आहे आणि आजपर्यंत कोणी हरकत घेतली नव्हती.

शेवटची अडचण उचलीची. शेतकऱ्यांना सणापूर्वी दिलेली रक्कम आणि उधारीवर नेलेली सरकी पेंड, गोळी पेंड, दोऱ्या इत्यादींची फाइल काका स्वतः ठेवतात. तिच्यात 'ॲडव्हान्स' नावाचा रकाना आहे. माझ्या प्रोग्रॅममध्ये मी तोच शब्द लिहिला आहे, तरी 'की एरर' येते. वरचा सल्ला आठवून मी 'लेन' चालवून पाहिले, तर माझ्या शब्दाची लांबी ९ आणि काकांच्या रकान्याची ११ निघाली. शिवाय 'दोऱ्या' हा माल बिलात दोन वेगवेगळ्या ओळींत येतो.

प्रतिसाद २

लांबी मोजलीत हे उत्तम केलेत, निम्मे उत्तर तिथेच आहे. तुमच्या कळफलकाने 'ॲ' हे एकच चिन्ह लिहिले आहे, ज्याचा क्रमांक ०९७२ आहे. काकांच्या कळफलकाने आधी 'अ', मग दिसत नसलेला जोडक (क्रमांक २००डी) आणि मग अर्धचंद्र अशी तीन चिन्हे लिहिली. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. येथे बरेच जण 'युनिकोडडेटा'च्या 'नॉर्मलाइज'कडे धाव घेतात, पण त्याने हे सुटत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ही दोन रूपे समतुल्य नाहीत. बदल हातानेच करावा लागतो.

'दोऱ्या'चे दुखणे याचेच भावंड आहे. त्यातला अर्धा र एकाने 'ऱ' या अक्षराचा पाय मोडून लिहिला आहे आणि दुसऱ्याने साधा 'र', पाय मोडणे आणि अदृश्य जोडक अशा मार्गाने. म्हणून एक छोटे फंक्शन लिहावे आणि त्यातला क्रम कटाक्षाने पाळावा. प्रथम 'र, पाय मोडणे, जोडक' या तिघांच्या जागी 'ऱ, पाय मोडणे' ठेवावे. त्यानंतर उरलेले सर्व जोडक आणि विजोडक (अक्षरे जोडू न देणारे तसेच अदृश्य चिन्ह), म्हणजे २००डी व २००सी, काढून टाकावेत. मग 'अ' अधिक अर्धचंद्र यांचे 'ॲ' करावे. पहिल्या दोन पायऱ्यांची अदलाबदल झाली तर जोडक आधीच निघून जाईल, 'दोऱ्या'चे 'दोर्या' होईल आणि दोन ओळी दोनच राहतील. हे फंक्शन रकान्यांच्या नावांनाही लावावे आणि मालाच्या नावांनाही, मात्र केवळ तुलनेसाठी. बिलावर काकांनी लिहिलेला मूळ शब्दच छापावा.

धागाकर्ता

पहिला पंधरवडा काल पूर्ण झाला. सहाही गावांची बेरीज वहीशी ताडून पाहिली. पाच गावे तंतोतंत जुळली, कडोलीत ३ लिटरचा फरक निघाला आणि तो वहीतला होता. काकू म्हणाल्या की पुढचे दोन पंधरवडे वही आणि संगणक दोन्ही चालू ठेवू या, आणि ते मला मान्य आहे.

काकांकडे जुन्या वर्षांच्या उधारीच्या याद्याही संगणकावर आहेत, पण त्या युनिकोडपूर्वीच्या मराठी फाँटमध्ये टंकलेल्या असल्यामुळे फाँट बदलताच नुसती इंग्रजी अक्षरे दिसतात. त्यांनाही 'यूटीएफ-८-सिग' चालेल काय?

प्रतिसाद २

नाही. तिथे फाइलीत खरोखरच इंग्रजी अक्षरे साठवलेली आहेत आणि मराठीपण केवळ फाँटच्या चित्रांत आहे, म्हणून कोणतेही एन्कोडिंग दिले तरी उपयोग होणार नाही. त्या विशिष्ट फाँटसाठी अक्षरबदलाचा तक्ता लागेल, आणि त्यात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असल्यामुळे ती उचलून मागे न्यावी लागेल. फाँटचे नाव आणि त्यातल्या नमुन्याच्या दहा-बारा ओळी द्याव्यात, त्यासाठी वेगळा धागा काढणे सोयीचे होईल.