ऑइल पेंटिंग : पावसाळ्यात पांढरा थर वाळत नाही, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

मी खानापूरची. ऑइल शिकायचं म्हणून डच चित्रकार व्हर्मीरच्या दूध ओतणाऱ्या बाईची कॉपी करायला घेतलीय. मूळ चित्र १६६० च्या आसपासचं, ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. ते जेमतेम ४५.५ × ४१ सेंमीचं, त्यामुळे त्याच मापात करतेय. म्युझियमच्या साइटवरून मोठा फोटो फुकट उतरवता येतो. भिंतीतला खिळा आणि त्याची सावलीसुद्धा स्वच्छ दिसते. चौकटी आखून ड्रॉइंग नीट बसलंय.

अडलंय ते अंडरपेंटिंगपाशी, म्हणजे रंगांखालच्या पहिल्या थरापाशी. रॉ अंबर (तपकिरी) आणि टायटॅनियम व्हाइट वापरलं. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे गडद भाग पटकन वाळले. पण डोक्यावरचं फडकं आणि मागची भिंत, म्हणजे जिथं पांढरा जास्त, तिथं बोटाला अजून चिकटतंय. व्हर्मीरचा पांढरा शिशाचा, तो लवकर वाळायचा. टायटॅनियम मुळातच सावकाश, त्यात आमच्याकडचा पाऊस. घरात कपडे वाळत नाहीत तिथं तेल काय वाळणार! कॅनव्हास खिडकीशी उजेडात ठेवलाय. असल्या हवेत पुढच्या थरांना अल्किड मीडियम (रंगात मिसळायचं, लवकर वाळणारं) वापरावं का? आणि खालचा थर वरवर कोरडा लागला, तरी त्यावर जवसाचं तेल घातलेला ग्लेझ (पातळ, पारदर्शक थर) दिला तर पुढे तडे जातील का?

दुसरं, तिचे हात. बाह्या वर सारल्यात. मनगट उन्हानं रापलेलं, तांबूस. वरचा एरवी बाहीत झाकलेला भाग फिकट. रोप लावणीच्या बायकांचे हात आमच्याकडे अगदी असेच दिसतात, म्हणून तर हे चित्र निवडलं. पण फिकटातून तांबूस होताना कुठेच रेघ दिसत नाही, ते साधत नाहीय. यलो ऑकर, लाइट रेड आणि पांढरा इथवर ठीक येतं. सावलीसाठी अल्ट्रामरीन (निळा) मिसळलं की रंग मातकट होतो. सावली पॅलेटवरच मिसळून लावावी, की अंबर तसंच ठेवून वरून पातळ ग्लेझनं आणावी? बारीक ब्रशनं घोटत बसण्यापेक्षा दुसरा मार्ग असेल तर जरूर सांगा.

चित्रकार आणि कलाशिक्षक के. बी. कुलकर्णींमुळे बेळगावात फिगर आणि पोर्ट्रेटचं काम जाणणारे बरेच आहेत. त्यांच्यापैकी कुणी रविवारी चित्र समोर ठेवून दाखवणार असेल, तर मी कॅनव्हास घेऊन बेळगावला येईन. फी कितीही असो, कळवा.

दिवसाच्या उजेडात काढलेले दोन फोटो खाली जोडलेत, एक पूर्ण चित्राचा, एक हातांचा.